रेघ वर गेली

एखादी गोष्ट गुप्त ठेवावी तर ती मीच, असं माझं स्वतःबद्दल पहिल्यापासून मत आहे. कोयनानगरच्या प्रकल्पात मी स्टोअरकीपर होतो. सिमेंटची पोती किती आली, किती भिजली आणि किती कुणाच्या घराच्या पायरीत गेली, हे सगळं माझ्या पोटात होतं आणि त्यातला एक शब्द कधी ओठावर आला नाही. तेव्हा आमच्या घरातली एक साधी गोष्ट कॉलनीपासून लपवायची म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! पुढे त्याच गोष्टीपायी अख्खी कॉलनी खाटा आणि शेळ्या घेऊन शाळेच्या मैदानावर जाऊन बसली, हे खरं आहे. पण माझा बंदोबस्त कुठे कमी पडला असं मला अजूनही वाटत नाही. तो जरा जास्तच झाला.

साल चौऱ्याहत्तर. आमच्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. आमचं गाव सांगलीजवळ. गावी जैनाचं भरलं घर, ऊस, म्हशी, भावांची पोरं. इकडे कोयनेला दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये मी आणि माझी बायको राजमती. आव्वा, म्हणजे माझी आई, अधूनमधून एस.टी.नं यायची. दारात आली की आधी राजमतीच्या पोटाकडे बघायची आणि मग ख्यालीखुशाली विचारायची.

त्या वर्षी संक्रांतीला आली ती निर्णय घेऊनच.

"औंदाच्या वैशाखापातूर बघती," आव्वा म्हणाली. "मग माझ्या भावाची लेक हाय. दिसायला बरी हाय, पोळ्या मऊ करती."

"आव्वा, सरकारी नोकरी आहे माझी. दुसरं लग्न केलं तर काढून टाकतील."

"काढू देत की. ऊस कोन काढून घेतंय?"

राजमती आत सुपात तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकलं आणि तोच मूठभर तांदूळ पुन्हा पुन्हा निवडत राहिली.

तिचं दुःख मला माहीत होतं. कॉलनीत कुणाकडे बारसं असलं की हिला बोलावणं यायचं, हळदीकुंकूही मिळायचं. पण बाळाला पाळण्यात घालायची वेळ आली की कुणीतरी म्हणायचं, "राजमती, जरा च्याचं बघतीस का?" आमची शेजारीण अंबूबाई जीव लावणारी बाई, पण तिच्या नातवाच्या बारशालाही तिनं हेच केलं. राजमती उठली आणि तिनं चहाचं बघितलं. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "च्या बरा झाला हुता." मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

आता औषधोपचार करायचा तर कॉलनीतल्या दवाखान्यात लाल त्रिकोणाचं राज्य. मूल कसं होऊ द्यायचं नाही हे सांगणारी पोस्टरं गठ्ठ्यांनी यायची आणि ती वाटायचं काम स्टोअरचं, म्हणजे माझंच! सरकारला मूल नको म्हणून मी भिंतीभिंतीला खळ लावत फिरत होतो, आणि मला हवं होतं ते विचारायला एक माणूस नव्हता. शेवटी कुणीतरी सांगलीच्या डॉक्टरबाईंचं नाव सांगितलं.

बाईंच्या हाताला यश आहे असं लोक म्हणायचे. बाई म्हणायच्या, हाताला काही नाही, शिस्तीला आहे. आणि शिस्त म्हणजे काय शिस्त! आत जायचं ते फक्त नवराबायकोनं, जोडीनं. एकटी बायको आली तर बाई तिला चहा पाजून परत पाठवायच्या. सासूला आत मज्जाव. व्हरांड्यात एक लांबलचक लाकडी बाक होता, त्याला दवाखान्यातली सगळी माणसं 'सासवांचा बाक' म्हणायची. आलेल्या सासवा तिथे ओळीनं बसून एकमेकींच्या सुनांची चौकशी करायच्या आणि दारात एक दांडगा शिपाई उभा असायचा.

"आधी यांना तपासायचं," बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या.

"मला? बाई, मी तालमीतला माणूस आहे. लाल मातीत वाढलोय."

"कुस्ती लावायची नाही आपल्याला. कंपाउंडर बाटली देईल ती घ्या आणि त्या खोलीत जा."

त्या खोलीबद्दल मी काही सांगणार नाही. मी गुप्तता पाळणारा माणूस आहे. तपासणीत माझं सगळं ठीक निघालं, राजमतीचंही ठीक निघालं, आणि मग बाईंनी खरी शिस्त काढली. राजमतीच्या हातात एक थर्मामीटर दिला.

"रोज पहाटे जाग आली की हा जिभेखाली धरायचा," त्या म्हणाल्या. "उठायच्या आधी, चूळ भरायच्या आधी, नवऱ्याशी एक शब्द बोलायच्या आधी. पाच मिनिटं. मग यांनी आकडा बघून ग्राफपेपरवर ठिपका द्यायचा आणि ठिपके रेघेनं जोडायचे. महिन्यात एकदा ती रेघ थोडी खाली उतरेल आणि मग वर चढेल. ते दोन-तीन दिवस तुमचे. त्या दिवसांत परगावी जायचं नाही, भांडायचं नाही, घरात पाहुणा ठेवायचा नाही. मनाला शांतता पाहिजे. आणि दिवस राहिले नाहीत, तर पंधरवड्यानं रेघ परत खाली येईल."

"कळलं," मी म्हणालो.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुणाला सांगायचं नाही. दहा लोक रोज 'काय झालं' म्हणून विचारायला लागले की बाईचा जीव टांगणीला लागतो. माझ्याकडे ज्यांना मुलं झाली त्यांनी हे पथ्य पाळलंय. आपल्या तिघांत राहू द्या."

"बाई, ते काम माझ्यावर सोडा," मी म्हणालो. राजमतीनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

ग्राफपेपर विकत कशाला घ्यायचा, म्हणून मी ड्रॉइंग सेक्शनमधून दोन ताव आणले. वर ठळक अक्षरात प्रकल्पाचं नाव छापलेलं. ताव मी माजघराच्या भिंतीला लावला आणि वरून कॅलेंडर टांगलं. रोज पहाटे गजर, दिवा, राजमतीच्या तोंडात काचेची कांडी, मी घड्याळ धरून शेजारी बसलेलो. पाच मिनिटं कुणी हूं की चूं करायचं नाही. मग ठिपका, मग कॅलेंडर जागच्या जागी. कुठल्याही गुप्तहेर खात्यानं धडा घ्यावा असं काम!

एका सकाळी मी दाढी करत होतो. अंबूबाई विरजण मागायला आली. नेमका वारा सुटला आणि कॅलेंडर उचललं.

"पाटीलभाऊ, ही रेघ कशाची म्हनायची?"

"ऑफिसचं काम आहे," मी म्हणालो.

"घरात?"

"गुप्त आहे. कुणाला बोलायचं नाही."

अंबूबाईनं विरजणाची वाटी पदराखाली घेतली, रेघेकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि ती निघून गेली. विषय तिथेच संपला, असं मी समजलो.

आता इथे कोयनेची एक गोष्ट सांगायला हवी. सदुसष्टचा भूकंप ज्यांनी पाहिला त्यांना हसायचं नाही. अंबूबाईचा नवरा ज्ञानू आमच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता. त्या पहाटे त्याच्या उशाची भिंत पडली ती त्याच्या अंगावर न पडता पलीकडे पडली, म्हणून तो होता. तेव्हापासून साधा ट्रक गेला तरी तो ताटावरून उठून अंगणात जायचा. आणि तो एकटाच नव्हता. कॉलनीत दर महिन्याला बारीकसारीक हादरे बसायचे, भांडी वाजायची, लोक बाहेर यायचे, परत आत जायचे. जमिनीखाली काय चाललंय हे आधी कळावं, एवढीच प्रत्येकाची इच्छा होती.

तर एकदा ज्ञानूला पहाटपाळीला जाताना आमच्या खिडकीच्या फटीतून दिवा दिसला म्हणून त्यानं डोकावलं. वैनी ताठ निजलेल्या, तोंडात काचेची कांडी, पाटीलभाऊ घड्याळ बघतायत, मग कागदावर ठिपका. त्याला अंबूबाईनं सांगितलेली रेघ आठवली, कागदावरचं प्रकल्पाचं नाव आठवलं, 'गुप्त' हा शब्द आठवला. वर्कशॉपमध्ये जाऊन त्यानं हळूच सांगितलं, "सायबानं नवं यंत्र काढलंय. माणसाच्या तोंडात धरायचं. जमीन हालायच्या आदी दाताला कळतं. पाटलाच्या वैनीचे दात लय हुशार हायती."

वर्कशॉपमध्ये शंभर माणसं होती. त्यांनीही कुणाला न बोलायचं ठरवलं आणि घरी जाऊन आपापल्या बायकांना सांगितलं.

यातलं मला काही माहीत नव्हतं. मी माझ्या विवंचनेत होतो. पहिल्या महिन्यात रेघ चढली तेव्हा नेमकी आव्वा मुक्कामाला. आणि आव्वा झोपते ती दोन खोल्यांच्या उंबऱ्यात आडवी. एक महिना फुकट गेला. फाल्गुनात आव्वा पुन्हा आली. मी मनाशी म्हटलं, या खेपेला हयगय नाही. वैशाख आता हाताच्या अंतरावर होता.

एका पहाटे रेघ उतरली आणि दुसऱ्या पहाटे चढली. राजमतीनं कांडी काढली, मी ठिपका दिला, दोघांनी रेघेकडे पाहिलं. ती लाजली. मी बंदोबस्ताला लागलो.

पहिलं काम आव्वाचं. पाटणला तिची मावसबहीण राहत होती. "तिची तब्येत बरी नाही," असं सांगून मी आव्वाची ट्रंक उचलली आणि तिला जवळजवळ पळवतच स्टँडवर नेलं. ड्रायव्हरला म्हटलं, "लवकर काढा गाडी." मग ऑफिसात जाऊन अर्ध्या दिवसाची रजा टाकली. येताना राजमतीला गजरा घेतला. लाइट जातात म्हणून मेणबत्त्या घेतल्या. घरी आल्यावर फळीवरची पितळी भांडी सगळी खाली उतरवून ठेवली, कारण एक बोका नेमका भलत्या वेळी फळीवर उडी मारायचा. राहिली खाट. आमची लोखंडी खाट नुसती कूस बदलली तरी चार घरं उठवायची. ती मी अंगणात काढली, आडवी केली आणि सांध्यासांध्यांत तेल सोडत बसलो.

आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? पण पलीकडच्या ओट्यावरून ज्ञानू हे सगळं बघत होता. रेघ वर गेल्याची बातमी अंबूबाईनं विरजणाच्या निमित्तानं सकाळीच नेली होती. पाटलानं म्हातारीला घाईघाईनं कॉलनीबाहेर काढलं. रजा टाकली. मेणबत्त्या आणल्या. फळीवरची भांडी खाली घेतली. आणि आता खाट बाहेर!

थोड्या वेळानं खाटा फरफटल्याचा आवाज आला. बघतो तर ज्ञानू आपली खाट अंगणात आणतोय.

"काय रे ज्ञानू, ढेकूण झाले का?"

ज्ञानूनं इकडेतिकडे पाहिलं, जवळ आला आणि माझा हात दाबला. "कळलं, पाटीलभाऊ. तुमी कायबी बोलू नका. मीबी कुनाला बोललो न्हाई."

दिवस कलायच्या सुमाराला आमच्या ओळीतल्या सगळ्या खाटा बाहेर होत्या. उन्हं उतरली तशी माणसं गाठोडी घेऊन शाळेच्या मैदानाकडे निघाली. डोक्यावर गाद्या, काखेत पोरं, मागे शेळ्या, एकानं शिलाईमशीन उचललेलं. मला वाटलं, शाळेत पडदा लावून सिनेमा आहे. फार आनंद झाला. कॉलनीत चिटपाखरू राहणार नाही, डॉक्टरबाईंनी सांगितलेली शांतता आयती मिळणार! मी दार लावून घेतलं. राजमतीनं गजरा माळला होता. मी तिला काहीतरी बरं बोलणार, तेवढ्यात दारावर थाप पडली.

दारात ज्ञानू आणि त्याच्यामागे वर्कशॉपची सहा माणसं.

"वैनी, चला," ज्ञानू म्हणाला. "मैदानात समदे जमल्यात. तुमच्याबिगर आमाला कळायचं कसं?"

"काय कळायचं?" मी म्हणालो.

"कवा येतोय त्ये. आनि ती काचंची कांडी घ्या संगट."

"कोण येतोय?"

"आवं पाटीलभाऊ, आता तरी लपवू नका. लेकराबाळांचा सवाल हाय."

मला काही कळायच्या आत आम्ही दोघं मैदानावर होतो. एका बाजूला बायका-पोरं, दुसऱ्या बाजूला पुरुष, मध्ये शेळ्या. राजमतीला बायकांच्या बरोबर मध्यावर घोंगडीवर बसवलं आणि थर्मामीटर तोंडात धरायला लावला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. चारशे माणसं तिच्या दातांकडे पाहत होती.

तेव्हा मला पहिल्यांदा उलगडा झाला.

"अरे बाबांनो, काही होणार नाही," मी ओरडलो. "घरी जा सगळे."

"सदुसष्टला बी सायेब लोक असंच म्हनत हुते," मागून कुणीतरी म्हणालं.

मी म्हटलं, बोलून उपयोग नाही, करून दाखवू. मी घराकडे चालायला लागलो. लगेच सगळ्या पुरुषांनी खाटा उचलल्या. पाटील घरी चालला म्हणजे धोका टळला! पण राजमतीला एकटीला कसं सोडायचं म्हणून मी चार पावलांवर थांबलो आणि मागे वळलो. खाटा धाडकन खाली. पुन्हा निघालो, पुन्हा खाटा वर. तिसऱ्या खेपेला एक म्हातारा डोक्यावरची गादी टाकून म्हणाला, "पाटील, येक काय ते ठरव बाबा. माझी मान अवघडली."

मी मुकाट्यानं बसलो. आणि तेवढ्यात बायकांच्या बाजूला जे दिसलं ते मी जन्मात विसरणार नाही. अंबूबाई उठली, तिनं आपला नातू राजमतीच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "तुझ्याजवळ असू दे गं. तुला आदी कळंल, तू घिऊन पळ." ते बघून दुसरी उठली. मग तिसरी. ज्या बायका तिला चहाचं बघायला पाठवायच्या त्या सगळ्या आपापली तान्ही पोरं आणून तिच्याजवळ ठेवत होत्या. मांडीवर दोन, काखेत एक, पुढ्यात घोंगडीवर चार. एकानं तिचा गजरा ओढला. तोंडात कांडी असल्यामुळे तिला बोलता येत नव्हतं, पण तिचे डोळे भरून आले होते, आणि इकडे माझेही.

एवढ्यात जीप आली. प्रकल्पाचे मोठे साहेब उतरले.

"ही अफवा कोणी उठवली?" साहेब गरजले.

"अफवा न्हाई सायेब," ज्ञानू अभिमानानं पुढे झाला. "तुमचंच यंत्र हाय की. पाटीलभाऊंच्या घरात. आपल्या परकल्पाच्या चौकटीच्या कागदावर रेघ आज वर गेली."

"कुठलं यंत्र? पाटील, प्रकल्पाचे ग्राफपेपर तुझ्या घरी कसे? कसली रेघ?"

एका बाजूला नोकरी, दुसऱ्या बाजूला चारशे माणसं. मी म्हणालो, "साहेब, ते... हवामानाचं थोडंसं..."

"उद्या सकाळी ऑफिसात ये. सस्पेंड करतो."

तेव्हा राजमती उठली. अंबूबाईचा नातू कडेवर होता. तिनं तोंडातली कांडी काढली. सात वर्षांत कॉलनीनं तिचा मोठा आवाज ऐकला नव्हता, मीही नव्हता.

"सायेब, त्यास्नी बोलू नका," ती म्हणाली. "भूकंपाचं काय न्हाई त्यात. रेघ माझी हाय. मला मूल व्हावं म्हनून डॉक्टरबाईंनी दिलीया. ती आज वर गेली, म्हंजे आज आमी घरात असायला पायजे हुतं. आनि तुमी समद्यांनी मला हितं आनून बसवलंया."

मैदानावर एक शेळी ओरडली. साहेबांनी टोपी काढली आणि उगाच तिच्या आत बघितलं. मला वाटलं, आता जमिनीनं खरंच फाटावं.

अंबूबाई सावकाश उठली. ती नातवाला घ्यायला येतेय असं राजमतीला वाटलं, म्हणून तिनं तो पुढे केला. अंबूबाईनं त्याला घेतलं नाही. तिनं राजमतीच्या तोंडावरून हात फिरवला.

"आमी तुला च्याला लावत हुतो," ती म्हणाली. "चुकलं आमचं." मग तिनं नातवाला घेतलं आणि एकदम तिचा आवाज चढला. "आनि मग हुबी काय ऱ्हायलीस अजून? चल, घरला जा. पाटीलभाऊ, तुमाला येगळं सांगायचं का?"

मग ती मैदानाकडे वळली. "आनि तुमी! कुनीबी जागचं हालायचं न्हाई. कॉलनीत पाय टाकला तर तंगडी मोडीन. सायेब, तुमीबी बसा."

साहेब ज्ञानूच्या खाटेवर बसले.

मैदानापासून आमचं घर तसं जवळ आहे, पण त्या संध्याकाळी ते पाटणच्या पलीकडे गेलं होतं. मी पुढे, राजमती मागे, आणि आमच्या पाठीवर चारशे माणसांची नजर. कुणी खोकत नव्हतं. आम्ही वळणावर पोचलो तेव्हा ज्ञानू लांबून ओरडला, "पाटीलभाऊ, काळजी करू नका. आमी हितं हाय!"

घरी येऊन आम्ही जमिनीवर बसलो. खाट अंगणातच होती. राजमती आधी हसायला लागली, मग रडली, मग पुन्हा हसली. मी म्हणालो, "आता?" ती म्हणाली, "मी च्या टाकती." त्या संध्याकाळी आमच्या घरात फक्त चहा झाला. आणि चहा पिऊन झाल्यावर आमच्या लक्षात आलं की ते सगळे तिकडे अजून बसलेत. किती वेळानं त्यांना घरी बोलावणं बरं दिसेल, हे डॉक्टरबाईंनी सांगितलं नव्हतं. शेवटी राजमतीच म्हणाली, "पोरांची जेवनं राहिली असतील. सांगा त्यांना." मी पायरीवर जाऊन हात वर केला. मैदानावर एकदम खाटा उचलल्या गेल्या, आणि कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसापासून रेघ कॉलनीची झाली. कॅलेंडर मी काढूनच टाकलं. रोज सकाळी अंबूबाई खिडकीतून विचारायची, "कुठवर हाय?" ज्ञानू तो आकडा वर्कशॉपमध्ये न्यायचा. सस्पेंड करायचं साहेब विसरले ते विसरलेच, आणि ग्राफपेपरचा नवा ताव त्यांनी स्वतः पाठवला. आव्वा दुसऱ्याच दिवशी पाटणहून परतली ती "माझ्या लेकानं मला भूकंपातनं वाचवलं" असं सगळ्या एस.टी.ला सांगत. खरं कळल्यावर ती भडकली आणि भावाच्या लेकीचं नाव काढून बसली. अंबूबाईनं तिला आपल्या ओट्यावर बसवलं.

"आना की भावाची लेक," ती म्हणाली. "आमी समद्या बायका तिला बघून घेतो. आनि आत्याबाई, पुढच्या पंधरवड्यात तुमी आमच्याकडं निजायचं. उंबऱ्यात निजायची सवय आमच्याकडं बी भागंल."

चैत्रात रेघ पुन्हा उतरली. त्या दिवशी मला कुणी न सांगता रजा मिळाली. बोका ज्ञानूच्या घरात कोंडला गेला. आमच्या ओळीतली पोरं खेळायला नदीवर पाठवली गेली. खाटेला तेल मी आधीच घातलं होतं. रेघ चढली.

आणि ती खाली येईना. आठवडा गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. रेघ वरच्या वर.

"पाटीलभाऊ," ज्ञानू काळजीनं म्हणाला, "यंत्र अडकलं का वो?"

राजमतीनं बॅग भरली. आम्ही सांगलीला गेलो, वैशाख लागायच्या बेतात.

बाईंनी तपासलं, रेघ बघितली, चष्मा काढला आणि हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होतो. राजमतीनं माझा हात धरला, बाईंच्या समोर, आणि सोडला नाही.

"बघितलंत?" बाई म्हणाल्या. "मी सगळ्यांना हेच सांगत असते. औषधापेक्षा शिस्त मोठी. कुणाला कळू दिलं नाहीत, घरात गर्दी नाही, कुणाच्या चौकशा नाहीत, मन शांत. आता येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला मी तुमचंच उदाहरण देणार."

राजमती छताकडे बघायला लागली.

"बाई," मी म्हणालो, "पहिल्यापासून माझा स्वभावच तसा आहे. एखादी गोष्ट पोटात गेली की गेली."

तेवढ्यात बाहेर काहीतरी कडकड मोडल्याचा आवाज झाला. दार ढकलून शिपाई आत आला. तो दांडगा माणूस घामानं भिजला होता.

"बाई, सासवांचा बाक मोडला."

"मोडला? अशा किती सासवा आल्यात?"

"सासू येकच हाय, बाई," शिपाई म्हणाला. "बाकीचा ट्रक कोयनंचा हाय."

आणि त्याच्या काखेखालून डोकं आत घालून अंबूबाईनं विचारलं, "डॉक्टरबाई, रेघ अजून वरच हाय न्हवं?"